उसन्या गाण्याचा माग

कोणत्याही कलेचा इतिहास लिहितांना लेखकाची नजर प्रथम कागदाकडे जाते. पत्रें, दप्तरें, शिलालेख, वृत्तपत्रें हीं साधनें हातीं आल्याशिवाय त्याचें पाऊल पुढें पडत नाहीं. आणि तें योग्यच आहे. परंतु गायनाच्या इतिहासांत आणखी एक साधन असें आहे कीं, जें कागदावर नसून माणसाच्या गळ्यांत असतें. एकानें रचलेलें गाणें दुसरा उचलतो, आपल्या ढंगानें म्हणतो, आणि बहुधा नकळतच पहिल्याची आठवण पुढच्या पिढीच्या हवालीं करतो. ‘सदारंग’ ही मुद्रा असलेल्या ख्यालाच्या चिजा आजवर शेंकडों गायकांनीं गाइल्या आहेत. अठराव्या शतकांत दिल्लीच्या महंमदशहाच्या दरबारीं असलेल्या नियामतखानाचें चरित्र त्यांपैकीं थोड्यांसच ठाऊक असेल. तथापि चीज म्हणतांना ती मुद्रा ओठांवर येते, आणि ती येत आहे तोंवर नियामतखान सर्वस्वीं विस्मृत झाला असें म्हणतां येत नाहीं. गाण्याबरोबर नांव चाललें तर इतिहासाचा धागा टिकतो. नांव गळलें तर गाणें तेवढें उरतें आणि माणूस नाहींसा होतो.

हा विचार मनांत घोळूं लागण्यास कारण झालेली हकीकत मात्र आपल्या संगीतांतील नाहीं. ती जर्मनींतील एका लहान गांवांत, अमेरिकन लष्कराच्या बराकींत सुरू होते, इंग्लंडांतील मँचेस्टर शहरीं पुनः डोकें वर काढते, आणि तीस-पस्तीस वर्षांचा वळसा घेऊन न्यू यॉर्क येथें पोहोंचते. ज्या संगीताची ही हकीकत आहे, तें ह्या पृष्ठांच्या पुष्कळ वाचकांस कर्कश वाटेल. त्याबद्दल कोणी कोणास दोष देण्याचें कारण नाहीं. एखाद्या घराण्याची वंशावळ शोधणाऱ्यास त्या घराण्यांतील सगळींच माणसें आवडलीं पाहिजेत असा नियम नाहीं; वंशावळ खरी असली म्हणजे झालें.

पाश्चात्य लोकप्रिय संगीतांत एकानें प्रसिद्ध केलेलें गाणें दुसऱ्यानें आपल्या तबकडीवर पुनः म्हटलें तर त्यास ‘कव्हर’ म्हणतात. हा शब्द मोठा सूचक आहे. कव्हर म्हणजे आच्छादन. पण आच्छादनाचे प्रकार दोन. चादर खालच्या वस्तूस झांकून टाकते. पुस्तकाचें कव्हर आंत काय आहे आणि तें कोणी लिहिलें आहे हें सांगतें. गाण्यांचीं कव्हरेंही ह्या दोन्ही प्रकारचीं असतात.

पहिल्या प्रकाराचें अत्यंत दुःखद उदाहरण दक्षिण आफ्रिकेंतील आहे. सॉलोमन लिंडा ह्या झुलू गायकानें १९३९ सालीं जोहान्सबर्ग येथें ‘म्बुबे’ नांवाचें गाणें ध्वनिमुद्रित केलें, आणि त्याचे हक्क अवघ्या दहा शिलिंगांस त्याच्या हातून गेले. पुढें ‘वीव्हर्स’ ह्या अमेरिकन मंडळीनें तें ‘विमोवे’ म्हणून गाइलें. १९६१ सालीं ‘टोकन्स’ ह्या मेळ्यानें त्यास इंग्रजी शब्द जोडून जगभर पोहोंचविलें. तें गाणें कोट्यवधि लोकांच्या ओठीं बसलें. लिंडा मात्र १९६२ सालीं दारिद्र्यांत वारला, आणि त्याच्या वारसांस न्याय्य वांटा मिळण्याची तडजोड होण्यास २००६ साल उजाडावें लागलें. येथें कव्हरानें चादरीचें काम केलें.

दुसऱ्या प्रकाराचें उदाहरण हाच ह्या लेखाचा विषय आहे.

मँचेस्टरांत १९७६ सालीं ‘द फॉल’ नांवाचा मेळा निघाला. मार्क ई. स्मिथ हा त्याचा सूत्रधार. वादक आले आणि गेले. स्मिथ तेवढा २०१८ सालीं मृत्यु येईपर्यंत कायम राहिला. गोड गळ्याचा अभाव, शब्दांचा तुटक मारा आणि एकच ठेका हट्टानें घोटत राहण्याची पद्धति हीं त्याचीं वैशिष्ट्यें. ह्या मेळ्यानें १९९० सालीं ‘एक्स्ट्रिकेट’ ही तबकडी काढली. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें ती मला दिली, तेव्हां तींतील एका गाण्याच्या शीर्षकापाशीं मी अडखळलों. तें शीर्षक होतें ‘ब्लॅक मंक थीम’, म्हणजे काळ्या साधूची धून. गाण्यांत कोठेंही साधु नाहीं, मठ नाहीं, धर्म नाहीं. गाणारा एका व्यक्तीचा आपण किती तिरस्कार करतों हें त्वेषानें सांगत असतो, आणि पुनः तिनेंच आपणांस हांक मारावी अशी गळही घालीत असतो. मग हा साधु आला कोठून?

उत्तर श्रेयनामांत होतें. रचनेचें श्रेय स्मिथकडे नसून परक्या मंडळींकडे होतें. मूळ गाण्याचें शीर्षकही निराळें होतें. स्मिथनें तें बदलून त्याच्या जागीं मूळ मेळ्याचें नांव गोंवलें होतें. साधारणतः कव्हर करणारा शीर्षक राखतो आणि मूळ गायक विसरला जातो. येथें शीर्षक गेलें आणि गायक राहिला. सदारंगाची मुद्रा चिजेच्या अंतऱ्यांत असते, ही मुद्रा मथळ्यांत होती, एवढाच फरक. चार वर्षांनीं, १९९४ सालीं, ‘मिडल क्लास रिव्होल्ट’ ह्या तबकडींत स्मिथनें त्याच मंडळींचें ‘शट अप’ हें आणखी एक गाणें घेतलें. एकाच अज्ञात मेळ्याकडे एवढा चिकित्सक मनुष्य पुनः पुनः वळतो, तेव्हां त्या मेळ्यांत कांहीं तरी असलें पाहिजे, हें उघड आहे. तो मेळा म्हणजे ‘मंक्स’.

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीची फाळणी झाली, आणि पश्चिम जर्मनींत अमेरिकेचें मोठें सैन्य ठाण मांडून बसलें. १९६१ सालीं बर्लिनची भिंत उभी राहिली, त्या सुमारास त्याची संख्या अडीच लाखांहून अधिक होती. रशियन रणगाडे आलेच तर ते फुल्डाच्या बाजूनें येतील असा सेनापतींचा कयास असल्यामुळें फुल्डा आणि फ्रांकफुर्ट यांमधील गांवें लष्करी छावण्यांनीं भरून गेलीं. एल्व्हिस प्रेस्ले हा विख्यात गायक १९५८ ते १९६० पर्यंत ह्याच टापूंतील फ्रीडबर्ग येथें शिपाईगिरी करीत होता. फ्रांकफुर्टच्या पूर्वेस सुमारें ४० किलोमीटरवर असलेलें गेल्नहाउझेन हें त्यांपैकींच एक गांव. सम्राट् फ्रीडरिश बार्बारोसा याच्या वाड्याचे अवशेष तेथें आहेत. तीस वर्षांच्या युद्धांतील शिपायांचें जिणें आपल्या कादंबरींत अमर करणारा ग्रिमेल्सहाउझेन हा लेखक ह्याच गांवचा. ह्या गांवच्या आणखी एका पुत्राची गोष्ट पुढें यावयाची आहे.

गेल्नहाउझेनच्या छावणींत १९६० नंतरच्या चार-पांच वर्षांत पांच तरुण शिपाई एकत्र आले. गॅरी बर्गर मिनेसोटाचा. तो गिटार वाजवी आणि मुख्य आवाज त्याचा असे. डेव्ह डे वॉशिंग्टन संस्थानचा, लॅरी क्लार्क हा ऑर्गनवादक शिकागोचा, एडी शॉ हा बास वाजविणारा नेवाडाचा आणि रॉजर जॉन्स्टन हा ढोल वाजविणारा टेक्सासचा. अमेरिकेंत राहते तर हे पांच जण एकमेकांस कधीं भेटले नसते. लष्करानें त्यांस एकत्र आणलें, आणि लष्करी जीवनाच्या कंटाळ्यानें त्यांच्या हातीं वाद्यें दिलीं. युद्ध कोणत्याही क्षणीं सुरू होईल अशी तयारी ठेवावयाची, आणि तें सुरू न झाल्यानें दिवसचे दिवस ढकलावयाचे, असें तें विचित्र जिणें होतें. ‘टॉर्केज’ ह्या नांवानें ते सैनिकांच्या क्लबांत आणि बिअरच्या गुत्त्यांत त्या काळचीं लोकप्रिय गाणीं वाजवूं लागले. नोकरीची मुदत संपल्यावरही ते मायदेशीं परतले नाहींत. जर्मन नाचघरांतून रात्रीमागून रात्री वाजवीत राहिले. बीटल्स मंडळी १९६० ते १९६२ पर्यंत हांबुर्ग येथें ज्या शाळेंत तयार झाली, तीच ही शाळा.

येथवर त्यांच्यांत कांहीं विशेष नव्हतें. अशीं मंडळें त्या वेळीं जर्मनींत पुष्कळ होतीं. पुढें जें घडलें त्यास एक यदृच्छेनें झालेली गोष्ट आणि एक बुद्ध्या केलेली गोष्ट अशीं दोन कारणें झालीं.

यदृच्छेची गोष्ट अशी. एके दिवशीं तालमीच्या वेळीं बर्गरनें आपली गिटार ध्वनिवर्धकास टेकवून ठेविली आणि तो क्षणभर बाहेर गेला. गिटारींतील विद्युत्-ग्राहक ध्वनिवर्धकांतून निघणारा आवाज पकडतो, तोच आवाज पुनः वाढून बाहेर येतो, पुनः पकडला जातो. अशा चक्रांतून एक अखंड किंकाळी निर्माण होते. ह्यास फीडबॅक म्हणतात. सभामंडपांतील कर्णा अकस्मात् किंचाळतो, तेव्हां आपण हाच प्रकार अनुभवतों आणि कानांवर हात ठेवतों. जॉन्स्टननें मात्र त्या किंकाळीवर ढोलाचा ठेका धरला. इतर वादकही त्यांत शिरले. बीटल्सनीं १९६४ सालीं एका गाण्याच्या आरंभीं असा स्वर क्षणमात्र वापरला होता. ह्या पांच जणांनीं त्यास आपल्या मेळ्याचें सहावें वाद्य करून सोडलें.

बुद्ध्या केलेली गोष्ट म्हणजे वाल्टर नीमान आणि कार्ल रेमी ह्या दोन जर्मन गृहस्थांचा सहवास. उल्म आणि एसेन येथील कलाविद्यालयांच्या संस्कारांतून आलेले हे दोघे जाहिरातीच्या व्यवसायांतले होते, आणि त्यांच्या विचारांवर त्या विद्यालयांची छाप स्पष्ट होती. अनावश्यक तें सर्व गाळावें, उरलें तें ठळक करावें, हा त्या काळच्या जर्मन रचनाकारांचा बाणा होता. खुर्ची, दिवा, रेडिओ यांस लाविलेलें तें सूत्र ह्या दोघांनीं एका वाद्यमेळास लाविलें. नांव बदलून ‘मंक्स’ ठेविलें, म्हणजे ख्रिस्ती मठांत राहणारे साधु. पोषाख आपादमस्तक काळा. गळ्यांत नेकटायऐवजीं दोरखंड. आणि डोक्यावर मध्यें गोल हजामत करून भोंवतीं केसांची कड ठेवावयाची, जशी मध्ययुगांतील साधु ठेवीत. जगांतील यच्चयावत् तरुण केस वाढवीत होते त्या वेळीं ह्यांनीं मुंडन केलें. आणि तें केवळ रंगमंचापुरतें नव्हे, रस्त्यावर हिंडतांनाही तोच वेष असे.

गाण्यांवरही हीच कातर चालली. गोड आलापी गेली. ढोलाबरोबर झणझणणाऱ्या झांजा जवळजवळ हद्दपार झाल्या. शब्द इतके कमी केले कीं, कित्येक गाण्यांत एखादें वाक्यच पुनः पुनः येतें. डेव्ह डेनें गिटार टाकून बँजो घेतला. बँजो हें आफ्रिकेंतून गुलाम होऊन आलेल्या लोकांनीं अमेरिकेंत घडविलेलें वाद्य; डफासारख्या ताणलेल्या कातड्यावर तारा बसविलेल्या असल्यामुळें त्याचा स्वर उमटतांच विझतो. डेनें त्याच्या पोटांत ध्वनिग्राहक बसविले आणि तो तारवाद्याप्रमाणें न छेडतां तालवाद्याप्रमाणें हाणला. परिणाम असा झाला कीं पांचही वाद्यें ठेकाच वाजवूं लागलीं. सुरांची इमारत काढून टाकून केवळ पाया उघडा ठेवावा, तसें हें संगीत होतें.

१९६५ च्या नोव्हेंबरांत कोलोन येथें ध्वनिमुद्रण झालें, आणि १९६६ सालीं ‘पोलिडोर’ कंपनीनें ‘ब्लॅक मंक टाइम’ ही तबकडी बाजारांत आणली. तिचें वेष्टन बव्हंशीं कोरें काळें. पहिल्याच गाण्यांत लष्कराविषयीं उघड नावड आहे आणि व्हिएतनाममध्यें मरणाऱ्या मुलांबद्दल जाब विचारलेला आहे. हें कोणीं आणि कधीं म्हटलें हें लक्षांत घेण्यासारखें आहे. अमेरिकेच्या लढाऊ तुकड्या व्हिएतनामांत उतरल्या त्या १९६५ च्या मार्चमध्यें. वर्षअखेर तेथील अमेरिकन सैनिकांची संख्या १,८४,००० वर गेली. युद्धाविरुद्ध गाणें ही फॅशन व्हावयाची होती. आणि गाणारे कोणी विद्यापीठांतील तरुण नव्हते. काल-परवांपर्यंत तोच गणवेष अंगावर वागविलेले ते शिपाई होते. त्यांच्या गाण्यांतील उग्रपणा केवळ जाहिरातवाल्यांच्या डोक्यांतून निघाला असता तर त्यास इतकी धार आली नसती.

लोकांनीं ह्या तबकडीचें काय केलें? जर्मन दूरचित्रवाणीवर मंक्स झळकले. ‘बीट-क्लब’ ह्या लोकप्रिय कार्यक्रमांत त्यांनीं वाजविलें. हांबुर्गच्या ‘टॉप टेन’ नाचघरापासून स्वीडनपर्यंत त्यांचे दौरे झाले. परंतु श्रोते नाचावयास येत आणि बुचकळ्यांत पडत. कित्येकांस साधूंच्या वेषाची ती थट्टा वाटे. तबकडीचा खप बेताचाच झाला. अमेरिकेंत तर ती प्रसिद्धच झाली नाहीं. खप वाढावा म्हणून पुढलीं गाणीं सौम्य करण्यांत आलीं, तीं ना जुन्या चाहत्यांस रुचलीं ना नव्यांस. १९६७ सालीं आशियाच्या दौऱ्याची तयारी झाली होती. ज्या व्हिएतनामवरून त्यांनीं जाब विचारला होता, तेंही त्या दौऱ्यांत होतें. तो दौरा सुरू होण्यापूर्वींच मेळा मोडला. पांच जण पांच दिशांस गेले, पोटापाण्याच्या उद्योगास लागले, आणि आपला प्रयत्न फसला अशीच समजूत घेऊन त्यांनीं आयुष्याचीं पुढलीं दशकें घालविलीं.

आतां १९७६ कडे वळूं. न्यू यॉर्कच्या ‘सीबीजीबी’ नांवाच्या मद्यगृहांत आणि लंडनच्या गल्ल्यांत ज्या संगीतानें त्या सुमारास जन्म घेतला त्यास ‘पंक’ म्हणतात. अमेरिकेंत ‘रामोन्स’ आणि इंग्लंडांत ‘सेक्स पिस्टल्स’ हे त्याचे अध्वर्यु. आंखूड गाणीं, उघडाबोडका ठेका, वादनकौशल्याविषयीं बेपर्वाई, रंगमंचावरील गणवेष, आणि रूढ समाजाबद्दल चीड, हीं त्याचीं लक्षणें. प्रत्येक बंडखोर कांहीं काळानें आपले पूर्वज शोधूं लागतो. पंकचेंही तसेंच झालें. ‘सेक्स पिस्टल्स’नीं १९७७ सालीं ‘स्टूजेस’ ह्या जुन्या अमेरिकन मेळ्याचें ‘नो फन’ हें गाणें तबकडीवर घेतलें, आणि नव्या पिढीचे कान १९६९ च्या त्या मूळ तबकडीकडे वळले. वॉशिंग्टन संस्थानांतील ‘सॉनिक्स’, पेरू देशांतील ‘लॉस सायकोस’ हे १९६५ च्या सुमाराचे मेळेही असेच एकामागून एक उजेडांत आले. ह्या साऱ्यांस मिळून पंक-पूर्व असें नांव पडलें.

ह्या यादींत मंक्सचें नांव फार उशिरां शिरलें. १९७२ सालीं लेनी केय ह्या रसिकानें ‘नगेट्स’ नांवाचा संग्रह काढून साठच्या दशकांतील विसरलेल्या मेळ्यांस पुनर्जन्म दिला. त्या मूळ संग्रहांतही मंक्स नाहींत. कारण सरळ आहे. अमेरिकन रसिकानें अमेरिकेच्या दुकानांत निघालेलें शोधलें. आणि मंक्स अमेरिकन असूनही त्यांची तबकडी जर्मनींत निघाली होती. जर्मन इतिहासकारांच्या लेखीं ते परके शिपाई, अमेरिकन इतिहासकारांच्या लेखीं ते जर्मन माल. दोन देशांच्या सरहद्दीवर पडलेली वस्तु दोघांच्याही खानेसुमारींत येत नाहीं, तशांतली ही गत. कलेच्या इतिहासांत विस्मृति नेहमीं गुणांच्या अभावामुळेंच येते असें नाहीं. पुष्कळदां ती खतावणीच्या पद्धतीमुळें येते.

येथें एक आक्षेप घेण्यासारखा आहे, आणि तो टाळून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. मंक्स पंकचे पूर्वज कोणत्या अर्थानें? ज्यांची तबकडी फारशी खपली नाहीं, त्यांनीं पुढल्यांस शिकविलें तरी काय? लंडनच्या किंवा न्यू यॉर्कच्या १९७६ च्या तरुणांनीं मंक्सचें बोट धरून वाटचाल केली असा इतिहास नाहीं. ज्या प्रवाहास उगमाचें पाणी पोहोंचलेंच नाहीं, त्याचा तो उगम कसला?

ह्या प्रश्नाचा विचार करतांना गेल्नहाउझेनच्या त्या दुसऱ्या पुत्राची आठवण होते. फिलिप राइस हा १८३४ सालीं ह्याच गांवीं जन्मला. तो पेशानें शाळामास्तर. त्यानें १८६१ च्या ऑक्टोबरांत फ्रांकफुर्ट येथील पदार्थविज्ञानमंडळापुढें तारेवरून आवाज पाठविणारें आपलें यंत्र दाखविलें आणि त्यास ‘टेलिफोन’ हें नांव दिलें. त्या यंत्रांतून गाण्याचे सूर बऱ्यापैकीं येत. बोलणें मात्र अस्पष्ट येई. विद्वानांनीं त्याकडे एक गमतीचें उपकरण म्हणून पाहिलें. राइस १८७४ सालीं वारला; दोनच वर्षांनीं ग्रॅहॅम बेल याचें पेटंट मंजूर झालें आणि टेलिफोनचा जनक म्हणून त्याचें नांव झालें. पुढें अमेरिकेंतील पेटंटच्या खटल्यांत राइसच्या यंत्राचें नांव वारंवार निघालें. निकाल बेलच्याच बाजूनें लागला.

राइसची गोष्ट आपणांस दोन गोष्टी वेगळ्या करावयास शिकविते. कार्यकारणाचा पूर्वज निराळा आणि साक्षीचा पूर्वज निराळा. पहिला पुढल्यांस घडवितो. दुसरा घडवीत नाहीं; परंतु जें पुढें झालें तें आधींही होऊं शकत होतें, त्या काळाच्या पोटांत तें होतें, अशी साक्ष देतो. बेलचें श्रेय राइसमुळें कमी होत नाहीं. पण टेलिफोन एकाच बुद्धिमंताच्या डोक्यांतून आकाशवाणीप्रमाणें उतरला, ही भाबडी समजूत मात्र टिकत नाहीं. मंक्सचेंही असेंच आहे. पंक म्हणजे १९७०-८० मधील इंग्लंडच्या बेकारीचें अपत्य, असें पुष्कळ ठिकाणीं लिहिलेलें आढळतें. तें खोटें नाहीं, पण अपुरें आहे. भरभराटीच्या पश्चिम जर्मनींत, बेकारीचा मागमूस नसतांना, कंटाळा, युद्धाची छाया, परकेपणा आणि अनावश्यक तें गाळण्याची एक कडक शिस्त एवढ्याच सामग्रीवर दहा वर्षें आधीं तेंच रूप आकारास आलें होतें. तेव्हां त्या संगीताच्या कारणांची यादी आपणांस वाढवावी लागते. इतिहासांत एखाद्या विसरलेल्या मनुष्याची भर पडते तेव्हां केवळ एक नांव वाढत नाहीं, कारणमीमांसा बदलते.

आणि स्मिथच्या गाण्यानंतर तर पहिल्या प्रकारचें नातेंही जुळलें. उगमाचें पाणी थेट पोहोंचलें नसेल. पण त्यानें पाट काढून तें आणलें. कव्हर म्हणजे नक्कल अशी आपली कल्पना असते. येथें तसें नाहीं. बँजो गेला, जर्मन नाचघरांतील शिपायांच्या आरोळीऐवजीं मँचेस्टरच्या कामकरी वस्तींतला खोंचक स्वर आला, राहिला तो ठेका आणि राहिली ती तिरस्कार व याचना यांची विलक्षण सरमिसळ. मूळ गाणें ऐकून मग हें ऐकावें, म्हणजे मूळ गाण्यांत कोणती वस्तु टिकाऊ होती हें कळतें. एका दृष्टीनें उत्तम कव्हर हें उत्तम परीक्षणच होय. परीक्षक ज्या निष्कर्षास चार पानें लावतो, तो गायक तीन मिनिटांत ऐकवितो.

पुढील हकीकत थोडक्यांत सांगतां येईल. १९९७ सालीं, म्हणजे मूळ प्रकाशनानंतर ३१ वर्षांनीं, ‘ब्लॅक मंक टाइम’ अमेरिकेंत प्रसिद्ध झाली. रिक रूबिन आणि हेन्री रॉलिन्स हे तिचे पुनःप्रकाशक. १९९९ सालीं न्यू यॉर्क येथें पांचही मूळ वादक एका रंगमंचावर आले, आणि मंक्स ह्या नांवानें आपल्या देशबांधवांपुढें प्रथमच उभे राहिले. २००६ सालीं त्यांच्यावर एक माहितीपट निघाला, आणि अनेक देशांतील मेळ्यांनीं त्यांचीं गाणीं गाऊन एक गौरवसंग्रह काढला. त्यांतही ‘द फॉल’ होतेच. जॉन्स्टन २००४ सालीं, डे २००८ सालीं आणि बर्गर २०१४ सालीं वारला. बर्गर उतारवयांत मिनेसोटांतील टर्टल रिव्हर ह्या चिमुकल्या गांवाचा नगराध्यक्ष होता. ज्यानें ऐन तारुण्यांत मुंडन करून, गळ्यांत दोर बांधून युद्धाबद्दल जाब विचारला, तोच पुढें आपल्या गांवचा कारभार पाहूं लागला, ह्यांत विसंगति वाटण्याचें कारण नाहीं. जाब विचारणारा मनुष्य बहुधा जबाबदारीही घेतो.

न्यू यॉर्कच्या त्या रंगमंचावर हा मान मिळाला तेव्हां ते पांचही जण हयात होते, ही ह्या कथेंतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट. सॉलोमन लिंडाच्या नशिबीं तें नव्हतें. राइसच्याही नव्हतें. इतिहासकार हा मृतांचा न्यायाधीश असतो असें आपण म्हणतों. परंतु न्याय मिळतांना तो ऐकावयास माणूस उरलेला असावा, ह्यांत जें समाधान आहे तें कोणत्याही स्मारकांत नाहीं. आणि हा न्याय कोणा विद्यापीठानें अगर अकादमीनें दिला नाहीं. एका तिरसट गायकानें आवडलेलें गाणें उचललें, आणि तें कोणाचें हें लपविलें नाहीं. इतक्याच साध्या सचोटीनें तो मिळाला.

राजवाडे गावोगांव हिंडून माळ्यांवरचीं दप्तरें उलगडीत, तेव्हां बाडावरील एखाद्या नांवावरून सबंध घराण्याचा पत्ता लागे. गाण्यांचीं दप्तरें हल्लीं यंत्रांत साठविलेलीं असतात, आणि एका बोटाच्या स्पर्शानें लक्षावधि गाणीं आपणांपुढें ओघळतात. त्या ओघांत गाणें तेवढें कानीं येतें आणि कर्त्याचें नांव पुष्कळदां वाचलेंही जात नाहीं. अशा वेळीं श्रोत्याचेंही एक कर्तव्य आहे, आणि तें फार कठीण नाहीं. गाणें आवडलें तर तें कोणाचें, हें विचारावें; आणि उत्तर मिळाल्यावर तें मूळ गाणें एकदां तरी ऐकावें. आपल्या मुलांनीं आणलेलें एखादें नवें गाणें घरांत वाजत असतां कपाळास आठ्या घालण्याऐवजीं आपण हा प्रश्न त्यांस विचारला, तर त्यांच्या कानांस आणि आपल्याही कानांस त्यापासून लाभच होईल. न जाणों, त्या उसन्या गाण्यामागें असाच एखादा पुरुष किंवा स्त्री, आपला प्रयत्न फसला अशा समजुतींत, अद्याप वाट पाहत असेल.